सुतळीवरच्या गाठी

मुलांनो, तुम्ही कधी घर बदललं आहे का? बदललं असेल, तर सामान बांधायला घेतल्यावर एक गंमत तुमच्या लक्षात आली असेल. घरात दोन जातींच्या वस्तू असतात. काही उचलता येतात आणि काही उचलता येत नाहीत.

मला हे कळलं सहावीत असताना. आमचं जवाहरनगर म्हणजे भंडारा जिल्ह्यातली आयुध निर्माणीची वसाहत. बाबा कारखान्यात नोकरीला, म्हणून आम्ही कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. राहायचं आपण, पण घर मात्र कारखान्याचं! २००२ साली बाबांना जरा मोठं क्वार्टर मिळालं. ते होतं चार गल्ल्या पलीकडे. त्यामुळे टेम्पो-बिम्पो काही नाही. एक ठेला आणला आणि दिवसभर फेऱ्या मारल्या. लोखंडी पेट्या गेल्या, दिवाण गेला, आईचं शिलाई मशीन गेलं, तुळशीची कुंडीसुद्धा गेली.

दोन गोष्टी तेवढ्या अडल्या. पहिली म्हणजे स्वयंपाकघरातल्या फळ्या. बाबांनी त्या हौसेने भिंतीत सिमेंट लावून पक्क्या बसवून घेतल्या होत्या. काढायला गेलो तर भिंतीचे पोपडे पडायला लागले. बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, "राहू दे. पुढच्या बिऱ्हाडाला होतील."

दुसरी गोष्ट होती दाराची चौकट. तिच्यावर दादाची आणि माझी उंची पेन्सिलीने मांडलेली होती. दर वाढदिवसाला एक रेघ आणि रेघेशेजारी तारीख. आता चौकट काही उखडून नेता येत नाही. मी भोकाड पसरलं. तेव्हा आईने काय केलं माहीत आहे? तिने सुतळी घेतली, तिचं एक टोक जमिनीला टेकवलं आणि दादाच्या प्रत्येक रेघेपाशी एक-एक गाठ मारली. माझ्यासाठी लाल दोरा घेतला. नव्या घरी गेल्यावर सुतळी चौकटीला लावून गाठींपाशी रेघा ओढल्या. झालं! आमची उंची चार गल्ल्या ओलांडून आली.

पण एक चूक राहिली. आईने गाठी मारल्या, तारखा लिहून घेतल्या नाहीत. त्यामुळे लाल दोऱ्यावरची तिसरी गाठ माझ्या पाचव्या वाढदिवसाची की सहाव्या, यावरून दादाचं आणि माझं भांडण आजही मिटलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, मॅडम आज ही सुतळीची गोष्ट कशाला सांगतायत? सांगते. कारण पुढे वीस वर्षांनी मी तीच चूक पुन्हा केली, आणि या वेळी भांडणावर भागलं नाही.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, हे तुमच्या आई-बाबांना चांगलं आठवत असेल. त्या वर्षी माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. मुलं घरी, मी घरी. शिकवायचं कसं? मी मुलांना एक काम दिलं. घरातल्या मोबाइलवर आजी-आजोबांचा आवाज टिपायचा. गोष्ट, ओवी, पाळणा, जुनी आठवण, काहीही चालेल. आमचा हा मुलूख झाडीपट्टीचा. इथे डोळ्याला 'डोरा' म्हणतात. ही बोली पुस्तकात फारशी भेटत नाही, आजीच्या तोंडी मात्र भरपूर भेटते. मुलांनी असे ४३ आवाज गोळा करून पाठवले!

ते ठेवायला मी इंटरनेटवरची एक फुकट सेवा शोधली. काय सुंदर पान तयार झालं त्यावर! प्रत्येक आवाजाशेजारी नातवंडाचा फोटो, आजीचं नाव, गावाचं नाव, तारीख. बटण दाबलं की आवाज सुरू. मी खूश, मुलं खूश, पालकही खूश.

दोन वर्षांनी त्या सेवेची पत्रं ई-मेलवर येऊ लागली. इंग्रजीत होती, जाहिरातच असेल म्हणून मी पहिली दोन वाचलीच नाहीत. तिसरं वाचलं तेव्हा कळलं, की सेवा बंद होते आहे आणि आपलं सामान न्यायला आठच दिवस उरले आहेत. आळस माझाच होता, तो मी कशाला लपवू?

'सगळं उतरवून घ्या' असं एक बटण होतं. दाबलं. फाइली आल्या. पण प्रत्येक फाइलीचं नाव म्हणजे वीस-वीस आकडे! मुलाचं नाव नाही, आजीचं नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. ते सगळं त्या सुंदर पानावर होतं, आवाजाच्या फाइलीत नव्हतंच. गाठी आल्या, तारखा राहिल्या. त्यातही ३६ फाइली उघडल्या. उरलेल्या ७ फाइली त्या सेवेने तिच्या स्वतःच्याच पद्धतीने साठवलेल्या होत्या. त्या दुसऱ्या कुठल्याच प्रोग्रॅमला वाचता येईनात.

तेवढ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती तोवर सहावीत गेली होती. तिची आजी २०२१ मध्ये वारली होती. आजीने दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या, एक कोल्ह्याची गोष्ट आणि एक पाळणा. मुलीला ते दोन्ही ऐकायचं होतं. म्हणाली, "मॅडम, आजीचा आवाज तुमच्याकडे आहे ना?"

दोन रविवार आम्ही दोघी बसलो. आकड्यांच्या नावाची एकेक फाइल उघडायची आणि ऐकायची. सत्ताविसाव्या फाइलीला ती ताडकन उठली. "हीच! मागे आमची शेळी ओरडतेय!" कोल्ह्याची गोष्ट सापडली. पाळणा मात्र छत्तीस आवाजांत कुठेच नव्हता. तो त्या सातांपैकी एकात असणार. तिने मला विचारलं, "मग तो आहे की नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. फाइल आहे, पाळणा ऐकू येत नाही. त्या सात फाइली आजही मी जपून ठेवल्या आहेत.

त्या दिवसापासून मी एका प्रश्नाच्या मागे लागले. आपण इंटरनेटवर जे ठेवतो, ते एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येईल असं कसं ठेवायचं? मोठमोठे लोक काय करतात? वाचत गेले, तर कळलं की माझ्या ४३ आवाजांचं जे झालं, त्याची धास्ती मोठमोठ्या कंपन्यांना आणि सरकारांनाही असते.

आता थोडं समजून घेऊ. 'क्लाउड' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. क्लाउड म्हणजे ढग, पण हा ढग आकाशात नसतो बरं का! तो जमिनीवरच असतो. मोठमोठ्या इमारती, त्यांत ओळीने मांडलेले हजारो कॉम्प्युटर, ते थंड ठेवायची यंत्रं आणि चोवीस तास वीज. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात, अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत, गुगलने २०१७ मध्ये मुंबईत आपापली क्लाउड सेवा सुरू केली. आपल्या सरकारनेही २०१४ मध्ये स्वतःची क्लाउड सुरू केली. तिच्या योजनेचं नाव किती छान आहे पाहा, 'मेघराज'! ज्यांना स्वतःचे कॉम्प्युटर विकत घेऊन सांभाळायचे नसतात, ते अशा ठिकाणी जागा भाड्याने घेतात. म्हणजे काय? क्वार्टरच की! राहायचं आपण, घर दुसऱ्याचं.

आणि जिथे क्वार्टर आलं, तिथे फळ्या आल्याच. प्रत्येक क्लाउड कंपनी आपल्या भाडेकरूला तयार सोयी देते. माहिती ठेवायची खास पद्धत, फोटो-व्हिडिओंचं खास गोदाम, निरोप पोचवायची खास युक्ती. सोयी उत्तम असतात. त्या वापरल्या की काम झटपट होतं. पण त्या त्याच घराच्या भिंतीत बसवलेल्या असतात. उद्या भाडं वाढलं, किंवा दुसरीकडे चांगलं घर मिळालं, तर? तर पोपडे पडतात! अर्धा प्रोग्रॅम पुन्हा लिहावा लागतो. म्हणून जाणती मंडळी प्रोग्रॅम लिहितानाच विचार करतात, की हे उचलून नेता येईल ना?

याचं एक उदाहरण तुमच्या दप्तरातच आहे. बालभारतीचं पुस्तक काढा बरं. पहिल्या पानावर तो काळा-पांढरा चौकोन दिसतोय का? तोच क्यूआर कोड. दीक्षा ॲपने तो टिपला की धड्याचे व्हिडिओ आणि इतर साहित्य उघडतं. दीक्षा हा केंद्र सरकारचा उपक्रम. ५ सप्टेंबर २०१७ ला, म्हणजे शिक्षक दिनी, तो सुरू झाला. आम्हा शिक्षकांची प्रशिक्षणंही त्यावर होतात.

हे दीक्षा आधी मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर राहत होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये ऑरॅकल या दुसऱ्या कंपनीने जाहीर केलं, की शिक्षण मंत्रालयाने दीक्षासाठी त्यांची क्लाउड निवडली आहे. देशभरातल्या शाळांचं साहित्य सांभाळणारं एवढं मोठं बिऱ्हाड एका घरमालकाकडून दुसऱ्याकडे निघालं! आणि तुमच्या पुस्तकावरचा चौकोन? तो आहे तसाच. विचार करा, तो बदलावा लागला असता तर घरोघरची सगळी पुस्तकं परत बोलवावी लागली असती.

मग ही युक्ती साधली कशी? मला समजलं तेवढं सांगते.

पहिली गोष्ट चौकोनाची. त्याच्याखाली सहा अक्षर-आकड्यांचा एक छोटा कोड छापलेला असतो. तो आहे धड्याचं नाव. 'अमुक शहरातल्या अमुक गोदामातलं अमुक कपाट' असा पत्ता त्यात लिहिलेला नाही. नाव दीक्षाला सांगायचं, मग आज ते सामान कुठे ठेवलं आहे हे दीक्षा आपल्या वहीत बघतं आणि आणून देतं. सामान हलवलं की वहीतला पत्ता बदलायचा, पुस्तकातलं नाव तेच राहतं. पोस्टमनकाकांना नाही का आम्ही क्वार्टर बदलल्याचं सांगून ठेवलं होतं? मामाची पत्रं जुन्या पत्त्यावर येत, तरी आमच्याच हातात पडत!

दुसरी गोष्ट प्रोग्रॅमची. दीक्षा ज्या प्रोग्रॅमवर उभं आहे त्याचं नाव सनबर्ड. बंगळुरूच्या एकस्टेप फाउंडेशनने तो तयार केला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही तो वाचावा, वापरावा, सुधारावा. माहिती साठवायला त्यात पोस्टग्रेस, कॅसँड्रा अशी खुली साधनं वापरली आहेत. ती कुठल्या एका क्लाउडच्या मालकीची नाहीत. म्हणजे भिंतीतल्या फळ्या नाहीत, लोखंडी पेट्या! फोटो-व्हिडिओंच्या गोदामाची पद्धत मात्र प्रत्येक क्लाउडची वेगळी. तिथे सनबर्डने मध्ये एक दुभाष्या ठेवला आहे. प्रोग्रॅमने फक्त दुभाष्याशी बोलायचं, आणि दुभाष्याने त्या-त्या गोदामवाल्याशी त्याच्या भाषेत.

तिसरी गोष्ट बांधाबांधीची. आमच्या ठाणा पेट्रोलपंपाच्या चौकात उभं राहिलं, की महामार्गावरून मोठमोठे लोखंडी कंटेनर जाताना दिसतात. तुम्हीही कुठेतरी पाहिले असतील. पूर्वी जहाजावर माल एकेक पोतं, एकेक पिंप असा चढवावा लागे. २६ एप्रिल १९५६ ला मालकम मॅकलीन या अमेरिकन माणसाने 'आयडियल एक्स' नावाच्या जहाजावर ५८ मोठ्या पेट्या भरून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. पुढे या पेट्यांचं माप साऱ्या जगात ठरवून घेतलं गेलं. आत तांदूळ असो की पंखे, बाहेरून पेटी त्याच मापाची. मग कुठलंही जहाज, कुठलाही ट्रक आणि कुठलीही क्रेन ती उचलू शकते!

प्रोग्रॅमवाल्यांनी हीच कल्पना उचलली. प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या बारीकसारीक वस्तू एकाच पेटीत भरायच्या. अशा पेट्या करणारं 'डॉकर' २०१३ मध्ये आलं. डॉकर म्हणजे गोदीतला हमाल. शेकडो पेट्यांवर नजर ठेवणारं 'कुबरनेटिस' गुगलने २०१४ मध्ये जगासाठी खुलं केलं. हा ग्रीक शब्द, त्याचा अर्थ सुकाणू धरणारा. बघा, क्लाउडच्या गोष्टीत जहाजाची सगळी मंडळी जमली!

पण मुलांनो, याचा अर्थ भिंतीतल्या फळ्या वाईट असा नाही हं. मी हे सगळं आईला सांगितलं, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "अगं, त्या फळ्या बसवल्याच नसत्या, तर सात वर्षं डबे काय जमिनीवर ठेवले असते?" तिचं बरोबर आहे. उचलता येईल अशीच प्रत्येक वस्तू ठेवायची म्हटलं तर खर्च वाढतो, कष्ट वाढतात, आणि घर बदलायची वेळ कधी येतही नाही. काही सोयी घ्याव्याच लागतात. फक्त घेताना माहीत पाहिजे, की ही फळी घराची आणि ही पेटी माझी. बाबांना ते माहीत होतं, म्हणून त्यांना फळ्या सोडताना वाईट वाटलं नाही. मला ते माहीत नव्हतं. जे पान मी माझं समजत होते, ते भिंतीतलं होतं.

आणखी एक अडचण असते, हमालीची. क्लाउडमध्ये माहिती आणून ठेवायला बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत, पण ती बाहेर काढायला पडतात. माहिती डोंगराएवढी असेल तर हमालीही डोंगराएवढी! त्यामुळे लोक निघायचं मनात असूनही निघत नाहीत. यावर युरोपातल्या देशांनी २०२३ मध्ये मिळून एक कायदा केला. क्लाउड बदलणाऱ्या ग्राहकाकडून १२ जानेवारी २०२७ पासून अशी हमाली मुळीच घ्यायची नाही, असं त्यात ठरलं आहे. गुगल, अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी तर २०२४ मध्येच, आमची सेवा सोडून जाणाऱ्याकडून ही हमाली घेणार नाही, असं सांगून टाकलं.

कायदे मोठ्यांसाठी. तुम्ही-आम्ही काय करायचं? पाळण्याची ती फाइल गमावल्यापासून माझ्या वर्गात आम्ही चार गोष्टी पाळतो. तुमच्या आई-बाबांनाही वाचून दाखवा.

एक, कुठल्याही नव्या ॲपमध्ये शिरण्याआधी बाहेर पडायचं दार बघायचं. आपण ठेवलेलं सगळं परत काढून घेता येतं का? तसं बटणच नसेल, तर मोलाची वस्तू तिथे ठेवायची नाही.

दोन, फाइल सगळ्यांना उघडता येईल अशा पद्धतीने ठेवायची. आवाज असेल तर कुठल्याही मोबाइलवर वाजणारा, लिखाण असेल तर युनिकोडमधलं. आवाज टिपल्यावर तो आधी आपल्या मोबाइलमध्ये राहू द्यायचा, मग दुसरीकडे पाठवायचा.

तीन, नाव, गाव आणि तारीख फाइलीच्या नावातच घालायची. एवढंच नाही, आवाज टिपताना सुरुवातीला तोंडानेही सांगायचं, "आज अमुक तारीख, ही माझी आजी, आमचं गाव अमुक." मग फाइलीचं नाव पुसलं गेलं तरी आवाज स्वतःच आपली ओळख सांगेल. शेळी ओरडण्याची वाट बघायला नको!

चार, वर्षातून एकदा खोटं-खोटं घर बदलायचं. दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडली, की आम्ही वर्गाचं सगळं सामान एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवून बघतो. मागच्या खेपेला दोन फाइली उघडेनात. पण जुनी जागा अजून हातात होती, म्हणून लगेच दुरुस्त करता आल्या. आठ दिवस उरलेले असताना हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं केव्हाही बरं, नाही का?

आमच्याकडे आता नवीन आवाज जमले आहेत. ती मुलगी आता मोठ्या वर्गात आहे, पण सुट्टीत येते आणि धाकट्यांना आवाज कसा टिपायचा ते शिकवते. "आधी तारीख बोल," असं दटावतेसुद्धा. त्या सात फाइलींचं मात्र ती आता काही विचारत नाही. मीच अधूनमधून एखादा नवा प्रोग्रॅम हाती आला, की त्या उघडून बघते.

आईची सुतळी आणि माझा लाल दोरा अजून लोखंडी पेटीत आहे. परवा काढला. या वेळी दादाला फोन लावला, आईला शेजारी बसवलं, आणि जेवढ्या आठवल्या तेवढ्या तारखा कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून गाठींना बांधल्या. तिसऱ्या गाठीची चिठ्ठी कोरी ठेवली आहे. तिच्यावर काय लिहायचं, हे अजून ठरायचं आहे.

येत्या रविवारी तुम्हीही आजीजवळ बसा. मोबाइल हातात घ्या. आणि हो, आधी तारीख बोला!